मोर मान टाकतो तेव्हा

शेतकऱ्यांच्या अंकात अग्रलेख मोरावर कशाला, असे काही वाचक विचारतील. कापसाचे भाव, विजेची बिले, कर्जाच्या नोटिसा हे विषय संपले की काय? संपलेले नाहीत, ते आतल्या पानांवर आहेतच. पण गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या तीन-चार बैठकांना आम्ही गेलो, तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली. ती सांगताना चांगली धडधाकट माणसे आवाज खाली आणून बोलत होती. वावरात मोर मरून पडला होता. मग काय केले? रात्री नाल्यात पुरला. कोणाला सांगितले? कोणालाच नाही. कशाने मेला? काय माहीत, उन्हाने मेला असेल.

या 'उन्हाने मेला असेल'मध्येच सगळी गोम आहे.

एका गावची हकिकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला आम्ही तसा शब्द दिला आहे. मे महिन्याचा दुसरा आठवडा. पारा ४५ च्या पुढे. नाल्याकाठच्या बाभळीखाली दोन लांडोरी आणि एक मोर पडलेले दिसले. मोर मेलेला, लांडोरींत थोडी धुगधुगी. शेतकऱ्याने ऊन पाहिले, पाखरे पाहिली आणि मनाशी हिशेब जुळवला. संध्याकाळपर्यंत लांडोरीही गेल्या. रात्री तिन्ही खड्ड्यात घातल्या. चौथ्या दिवशी त्याच्या भावाच्या कोंबड्या मरू लागल्या आणि आठवड्याभरात त्या वस्तीवरची खुराडी रिकामी झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन सांगितले, मानमोडी आहे, राणीखेत. तेव्हा या गृहस्थाला आठवले की त्या लांडोरींच्या माना एका बाजूला पिळवटल्या होत्या आणि बाभळीखाली हिरवी हगवण पडली होती. मोराकडून कोंबड्यांना रोग लागला की कोंबड्यांकडून मोरांना, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पुरावा खड्ड्यात गेला. एवढे मात्र खरे की त्या दिवशी ती लक्षणे ओळखू आली असती तर निरोग्या कोंबड्यांना लस टोचून घ्यायला आणि आजाऱ्या वेगळ्या काढायला चार दिवस हाताशी होते. कोरडवाहू घरात कोंबडी म्हणजे घरच्या बाईचा मीठ-मिरचीचा पैसा. त्याची नोंद कोणत्याच पंचनाम्यात होत नाही.

तर मोर ओळखायचा तो यासाठी. देशप्रेमासाठी नव्हे.

पाखराला घाम येत नाही. त्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, चाळीस अंशांच्या वर असते. बाहेरची हवा त्याहून तापली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याजवळ एकच वाट उरते, ती म्हणजे श्वासावाटे पाणी उडवून देणे. म्हणून उन्हाने तापलेला मोर चोच उघडी ठेवून धापा टाकतो आणि त्याच्या गळ्याची कातडी भराभर थरथरताना दिसते. तो पंख अंगापासून दूर धरतो, जणू काखेत वारा घेतो आहे. पिसे अंगाला चापून बसवलेली असतात. ही शेवटची खूण नीट ध्यानात ठेवावी, कारण आजारी पाखराची तऱ्हा नेमकी उलटी असते. आजारी मोर भर उन्हातसुद्धा पिसे फुगवून, मान खांद्यात घालून, थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्यासारखा बसतो. चापलेली पिसे आणि लांब धरलेले पंख म्हणजे ऊन. फुगलेली पिसे आणि आखडलेले अंग म्हणजे रोग. शंभरातल्या शंभर वेळा हे खरे ठरेल असे नाही, पण शंभर पावलांवरून, पाखराला हात न लावता एवढा अंदाज बांधता येतो.

दुपारी बारा ते चार मोर धापा टाकतो यात घाबरण्यासारखे काही नाही. सावलीत गेला, पाणी प्यायला, ऊन कलले की तो थांबतो. सूर्य बुडाल्यावरही धाप थांबत नसेल तर मात्र ते पाखरू संकटात आहे. माणूस दहा पावलांवर आला तरी उडत नाही, पळत नाही. डोळे अर्धवट मिटलेले. डोक्यावरचा तुरा एका अंगाला पडलेला. उभा राहिला की झोकांड्या खातो. डोळ्याभोवतीची पांढरी कातडी काळपट-निळी दिसते. ही पुढची पायरी. त्याच्यानंतर एक फसवी पायरी येते. धाप अचानक थांबते आणि पाखरू शांत होते. पाहणाऱ्याला वाटते, बरे झाले, सावरले. ते सावरलेले नसते, त्याच्यातली ताकद संपलेली असते.

उन्हाची आणखी एक ओळख अशी की ते एकाच झाडाखाली मारत नाही. ज्या दुपारी मोराला झळ लागते, त्याच दुपारी शिवारात दुसरीकडेही पारवे, तितर, बगळे मान टाकतात, आणि पाणी आटलेल्या भागात जास्त टाकतात. रोग असा एका दुपारचा नसतो. आज एक, परवा दोन, सकाळी, रात्री, ढगाळ दिवशीसुद्धा.

रोगाची लक्षणे ओळखायला विष्ठेकडे पाहावे लागते. किळस करून चालणार नाही. गोठ्यातले शेण पाहून बैलाची तब्येत सांगणारी आपण माणसे आहोत. निरोगी मोराची विष्ठा गडद, घट्टसर आणि तिच्यावर पांढरा चुना लागल्यासारखा असतो. उन्हात पाणी फार प्यायले की ती पातळ होते, पण रंग बदलत नाही. हिरवी हगवण, घरघर, उघड्या चोचीने श्वास आणि त्याबरोबर लुळा पडलेला पाय किंवा पंख, पिळवटलेली मान, असे दिसले तर मानमोडीचा संशय धरावा. नुसता हिरवा रंग पुरेसा नाही. उपाशी पाखराचीही विष्ठा हिरवी होते. गंधकासारखी पिवळीधमक हगवण हा वेगळा रोग. तो कोंबड्यांच्या पोटातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून मातीत येतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण तिच्या उकिरड्यावर दाणे टिपायला आलेल्या मोराला तो मारतो. पावसाळ्यात पिल्लांना रक्ताची हगवण लागते. तोंडावर, डोळ्यांभोवती खवल्यांसारखे फोड म्हणजे देवी. त्या डोळ्यावर आल्या की पाखरू आंधळे होऊन उपाशी मरते. आणि पाखरे पटापट, ढिगाने मरू लागली तर बर्ड फ्लूचा विचार करावाच लागतो. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणीजवळच्या मुरुंब्याला तो आला तेव्हा शेकडो, हजारो कोंबड्या मातीत घालाव्या लागल्या. अशा वेळी मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नये, आणि पोराबाळांना तर जवळही जाऊ देऊ नये.

काही गोष्टी आजार वाटतात पण आजार नसतात, त्याही सांगून टाकू. पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा झडतो आणि तो बोडका, केविलवाणा दिसतो. तो दर सालचा क्रम आहे. पुढच्या मोसमापर्यंत पिसारा पुन्हा येतो. आपसूक गळलेले पीस पोराने दप्तरात घातले तर त्याला कायद्याची आडकाठी नाही. धुळीत लोळणारा मोर फेफरे आलेला नसतो, अंगावरच्या उवा झाडत असतो. पिसारा फुलवून थरथरतो तो लांडोरीसाठी. तिच्यासमोर थरथरणे आणि विषाने थरथरणे यातला फरक सांगायला डॉक्टर लागू नये.

आता विषाकडे येऊ. इथे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून आम्हाला सुटता येणार नाही.

ऊन एप्रिल-मेचे, फार तर मिरगापर्यंतचे. पेरणीच्या दिवसांत किंवा फवारणीच्या दिवसांत मोर मेला आणि तरीही आपण 'उन्हाने' म्हणालो, तर ती आपलीच फसवणूक होते. सरकी टोबली, ज्वारी पेरली, खोडमाशीसाठी औषध लावलेले लाल-निळे बियाणे धुऱ्यावर, वळणावर, पिशवी फाटली तिथे सांडले. मोर सकाळी उतरतो आणि ते वेचतो. त्याच्यासाठी ते आयते ताट असते. फवारणीच्या महिन्यांत औषधाने मेलेल्या अळ्या आणि किडे तोच खातो. विषबाधेची लक्षणे चटकन येतात. तोंडातून लाळ, पातळ हगवण, पंख लोळवलेले, अंगाला कंप, पाय ताणून झटके, आणि फवारणीच्या काही औषधांनी डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. एकाच धुऱ्यावर एकाच सकाळी चार पाखरे पडलेली, सोबत पारवे आणि चिमण्या, अंग भरलेले, कुठे रोडावलेली नाहीत आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी गच्च. उन्हाने वा रोगाने बेजार झालेले पाखरू सहसा भरल्या पोटाने मरत नाही.

लाळ, कंप, बारीक झालेली बाहुली. ही यादी आपल्या ओळखीची आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीत फवारणी करताना आपली माणसे, आपले शेतमजूर मेले, तेव्हा दवाखान्यात हीच लक्षणे पाहिली गेली. मोर मेला तिथे त्याच दिवशी कोणाचा सालदार पाठीवर पंप घेऊन उभा असतो. म्हणून धुऱ्यावर विषाने मेलेला मोर दिसला तर आधी फवारणी थांबवावी, हातपाय धुवावेत आणि कोणाला मळमळ, डोकेदुखी, अंधारी येते आहे का ते विचारावे. मोराचे नंतर पाहू.

आणि हेही लिहिले पाहिजे. मोर कोरडवाहूवाल्याचे नुकसान करतो. टोबलेली सरकी उकरतो, ज्वारीची कणसे दुधात आली की फडशा पाडतो, भुईमूग उपटतो. वाळवी, टोळ आणि सापाची पिल्ले खातो हे खरे, पण त्याने कणसाचा हिशेब फिटत नाही. १९६३ साली मोराला राष्ट्रीय पक्षी ठरवले, त्याला पोसायचे मात्र गुपचूप आमच्या शिवारावर टाकले. भरपाई मागायला गेलेला शेतकरी कचेरीतून काय घेऊन परत येतो ते सर्वांना माहीत आहे. या रागातून काही ठिकाणी विष कालवलेले दाणे मुद्दाम टाकले जातात, किंवा डुकरासाठी ठेवलेले विष मोर खातो, हे आम्हाला ठाऊक नाही असे कोणी समजू नये. असे करणाऱ्याची बाजू हा अंक घेणार नाही. त्या मोराचे मढे कुत्रे ओढते, ते कुत्रे घरी येते. पाऊस पडला की ते विष नाल्यातून विहिरीत उतरते, आणि बदनामी सगळ्या शेतकऱ्यांची होते. नुकसानीची लढाई भरपाईच्या मागणीने लढायची, मोर मारून नव्हे.

पण ज्याने काहीच केले नाही तो का लपवतो? भीतीने. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार म्हणजे किमान ३ वर्षे, जास्तीत जास्त ७ वर्षे कैद आणि २५ हजारांपासून पुढे दंड. वावरात मेलेला मोर म्हणजे वावराच्या मालकावर संशय, असे गणित गावोगाव पक्के बसले आहे. वास्तविक त्याच कायद्याचे कलम ३९ असे सांगते की मेलेला सापडलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता होतो आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवून तो स्वाधीन करायचा. म्हणजे कळवणारा कायद्याच्या बाजूला उभा असतो आणि पुरणारा, तो कितीही निर्दोष असो, स्वतःच्या पायाने संशयात शिरतो. पुरलेला मोर कधी ना कधी कुत्रे उकरतेच. मग 'उन्हाने मेला' हे कोण ऐकून घेणार?

आमचे सांगणे असे. मेलेला मोर हलवू नका. त्याच्यावर काटेरी फांदी टाका म्हणजे कुत्रे ओढणार नाहीत. दोन-चार माणसे, पोलीस पाटील असतील तर तेही, बोलावून दाखवा. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि कळवल्याची वेळ डायरीत लिहून ठेवा. पंचनामा झाला की त्याची प्रत मागा आणि शवविच्छेदन व्हावे असा आग्रह धरा. उन्हाने मेला, रोगाने की विषाने हे त्यातूनच निघेल, आणि ते आपल्या कोंबड्यांसाठी, विहिरीसाठी आपल्यालाच कळायला हवे.

पाखरू जिवंत असेल तर पहिली गोष्ट, त्याच्यामागे धावू नका. भेदरलेला मोर पाठलागानेच मरतो. दहा मिनिटे हुसकावलेले पाखरू उन्हाने नव्हे, माणसाने मारलेले असते. पोरे आणि कुत्री दूर करा. जागेवरच वरून सावली करा, चार काठ्या आणि एक पोते पुरते. पसरट भांड्यात पाणी जवळ ठेवा आणि बाजूला व्हा. चोच उघडून घशात पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जाते आणि वाचणारे पाखरू गुदमरते. अंगावर थंडगार पाण्याची बादली ओतू नका. पायांवर साधे पाणी शिंपडले तर चालते, पाखराची उष्णता उघड्या पायांवाटे बाहेर पडते. उचलावेच लागले, म्हणजे रस्त्यात पडले आहे किंवा कुत्री सुटली आहेत, तर डोळ्यांवर हलके कापड टाकून, पंख अंगाशी धरून, हवेशीर खोक्यात ठेवावे. पाय बांधू नयेत. डोळ्यांवर अंधार आला की मोर निम्मा शांत होतो. आणि तेवढ्यात १९२६ ला कळवावे. घरी पाळायचा मोह नको, एक रात्रदेखील. दया केली म्हणून कायदा सोडत नाही, आणि रोग असला तर तो खुराड्यात शिरतो.

पाण्याचे थोडे. मार्चपासून धुऱ्यावर झाडाखाली एखादे सिमेंटचे पसरट टोपले किंवा फुटक्या माठाचे बूड ठेवायला काही खर्च येत नाही. खोल ठेवू नका, मध्ये एक दगड टाका म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. पाणी रोज बदला, शिळ्या पाण्यातून रोग एका पाखराकडून दुसऱ्याकडे जातो. फवारणीच्या औषधाचा डबा, कितीही धुतला असला, त्यासाठी वापरू नका. घरच्या कोंबड्यांच्या पाण्याजवळ मोरांचे पाणी ठेवू नका. ज्यांच्याकडे प्लास्टिक अंथरलेले शेततळे आहे त्यांनी उतारावर एक दोर आणि त्याला पोती बांधून सोडावी. घसरून पडलेल्या जिवाला वर यायला तेवढाच आधार. आणि कोंबड्यांना लस. पिल्लू आठवड्याचे असताना लासोटा, दीड-दोन महिन्यांनी टोचायची दुसरी. सगळ्या वस्तीने एकाच दिवशी केले तर सोयीचे, कारण कुपी शंभराची येते आणि उघडली की ठेवता येत नाही. जनावरांच्या दवाखान्याचा क्रमांक १९६२.

येत्या जिल्हा बैठकीसमोर आम्ही एक ठराव ठेवणार आहोत. मेलेला वा आजारी वन्यप्राणी कळवणाऱ्या शेतकऱ्याला जागेवरच पोच मिळावी; शवविच्छेदनाचा निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर आठ दिवसांत लागावा; रोग निघाला तर त्या गावात कोंबड्यांची लस खात्याने दुसऱ्या दिवशी आणावी; आणि मोराने केलेल्या पिकाच्या नुकसानीचा पंचनामा इतर वन्यप्राण्यांच्या नुकसानीप्रमाणेच व्हावा. ठरावावर बोलायचे तर हातात काही हवे. म्हणून प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने येताना आपल्या शिवारात गेल्या दोन उन्हाळ्यांत आणि दोन पेरण्यांत किती मोर-लांडोरी पडल्या, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, पिसे चापलेली होती की फुगलेली, हगवण कोणत्या रंगाची, शेजारी काय पेरले वा फवारले होते, एवढे एका कागदावर लिहून आणावे. ज्यांनी पुरले त्यांनीही आणावे. कागदावर शेतकऱ्याचे नाव नको, गावाचे पुरे.